वरचे दोन दात

आमच्या शाळेच्या हस्तलिखित अंकासाठी यंदा विषय ठरला दुधाच्या दातांचा. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, हा तुमचाच विषय. पहिली-दुसरी तुमच्याकडं. देशोदेशी पडलेल्या दाताचं काय करतात ते लिहा, आपल्या उंदीरमामाचं लिहा. गोड होईल."

मी लिहून दिलं. कुठं मुलं दात उशीखाली ठेवतात आणि परी येऊन तो नेते. कुठं खालचा दात छपरावर फेकतात आणि वरचा जमिनीकडं टाकतात, म्हणजे नवा दात त्या दिशेनं सरळ वाढेल. कुठं सूर्याकडं भिरकावतात आणि त्याच्याकडं लखलखीत दात मागतात. मुलांनी भोवती चित्रं काढली. अंक छान झाला.

पण दातांची माझी स्वतःची जी गोष्ट आहे ती त्या अंकात बसली नसती, आणि तासून-घासून बसवायची माझी तयारी नव्हती. ती इथं लिहिते. जुन्या रीती आहेत, असू द्या, त्यांनी कुणाचं काय बिघडतं, असं मला शिकलेली माणसंही सांगतात. माझं बिघडलं होतं. माझ्या मायचं तर सहा वर्षं बिघडलं होतं.

मी परभणी जिल्ह्यात झरीजवळच्या एका खेड्यात वाढले. आम्ही आईला माय म्हणायचो आणि वडलांना दादा. चार एकर कोरडवाहू, दोन म्हशी. दादा चौथी शिकलेले, मायला सही येत नव्हती. त्या घरातून मी पदवीपर्यंत पोचले ते कुणाकुणाच्या जिवावर, हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि त्यातली काही माणसं या गोष्टीत येतील.

बाळाला बहुधा खालचे दात आधी येतात. मला वरचे आले. आठव्या महिन्यात, दोन्ही बरोबर. आमच्याकडं वरचे दात आधी आले की लेकरू मामाला भारी म्हणतात. भारी म्हणजे काय, ते कुणी फोडून सांगत नाही. नुसतं भारी. ऐकणाऱ्यानं काय भ्यायचं ते भ्यावं.

मायचं माहेर सेलूजवळच्या खेड्यात. तिला एकच भाऊ. मामा तेव्हा विशीतला, थट्टेखोर. मला बघायला आला, मांडीवर घेतलं, हिरडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "ताई, वरचे आलेत की गं! चला, मी गेलो कामातून!" माय हसली. तिला तो विनोदच वाटला, आणि मामानंही तो विनोद म्हणूनच केला होता.

चार दिवसांनी मामा कापसाची बैलगाडी घेऊन सेलूला जिनिंगवर गेला आणि वाटेत गाडीवरून खाली आला. घरी सांगितलं, बैल बुजला. उजवा पाय मांडीत मोडला. जुळला तो आखूड जुळला. तेव्हापासून मामा लंगडतो.

मायची आई ती लहान असतानाच गेली होती. तिला आणि मामाला वाढवलं त्यांच्या थोरल्या चुलतीनं. तिला सगळे थोरली काकी म्हणत. स्वतःच्या पोटी काही नाही. या दोघांना तिनं पोटच्यासारखं केलं, हे मी तिच्याबद्दल आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी तिच्याबद्दल बरं बोलणार नाही. मामाचा पाय प्लास्टरमध्ये असताना ती आमच्या गावी आली आणि ओट्यावर उभ्या उभ्याच मायला म्हणाली, "पोरीच्या तोंडात हे दात हायेत तवर तिनं आपला उंबरा चढायचा न्हाई अन् मामाच्या नदरंला पडायचं न्हाई. दुधाचे दात पडले की दोष गेला. मग खुशाल या."

"अन् मी?" मायनं विचारलं.

"तू ये की. तुला कोण नको म्हनायलंय? पोरीला इथं ठेव अन् ये."

माय गेली नाही. एकदाही नाही. मला ठेवून जायला ती तयार नव्हती आणि मला घेऊन जायची परवानगी नव्हती. परभणीच्या बाजारात मामा कधी तिला गाठायचा. मी बरोबर असले की मात्र तो लांबूनच वळून जायचा.

हे सगळं मला पहिलीत असताना कळलं. नागपंचमीला आमच्याकडं सासुरवाशिणींना न्यायला माहेरचं माणूस येतं. त्याला मूळ येणं म्हणतात. ज्यांना मूळ आलेलं असे त्या निघून जात, आणि ज्या गावातच राहत त्या देवळामागच्या लिंबाला झोका बांधून खेळत. माय कडेला उभी होती. मी तिच्या पदराला धरून. झोक्यावरची एक बाई म्हणाली, "तुला यंदा बी मूळ न्हाई आलं का गं?"

दुसरीनंच उत्तर दिलं, "कसं येईल? लेकीच्या तोंडात मामाचा काळ बसलाय नव्हं!"

बाया हसल्या. वाईट मनानं हसल्या असं नाही म्हणत मी. गावात हसतात तसं हसल्या. मी तोंड मिटलं. त्यानंतर वर्षभर मी ओठ घट्ट धरून हसायला शिकले. शाळेच्या त्या वर्षीच्या फोटोत सगळी पोरं बोळकी उघडून बसलीत आणि मी एकटी अशी बसलेय, जणू तोंडात काही चोरून आणलंय.

खालचे दोन दात पडले तेव्हा मजा झाली होती. दादांनी मला खांद्यावर घेतलं, मी दात पत्र्यावर फेकला, उंदराला ओरडून सांगितलं की माझा जुना घे आणि तुझा पांढरा दे. दात पत्र्यावरून टणटण करत पन्हाळीत गेला. पण माझा सगळा जीव वरच्या दोघांत अडकला होता. दुसरीत गेले, आषाढ आला, तेव्हा त्यातला डावा किंचित हलायला लागला. उजवा दगडासारखा. पंचमी आली होती तोंडावर.

मग मी चौकशी सुरू केली. दात लवकर पडायला काय करावं, आणि वरच्या दातांचा दोष आणखी कशानं जातो का, हे मला हवं होतं. मी घरोघर हिंडले. लहान पोरीला कुणी हटकत नाही.

आमच्या शेजारी एक खाला होती. मशीनवर पोलकी शिवायची. तिच्याकडं मी सुटीत काजे करायला बसायचे. तिला विचारलं, तुमच्यात दात पडला की काय करता?

"जमीन में गाड़ देते. पाक जगा देख के," खाला सुईत दोरा ओवत म्हणाली.

"अन् वरचे आधी आले, तर मामूला काय होतं?"

"मामू कां से आया बीच में?"

मी तिला सगळं सांगितलं. मामाचा पाय, थोरली काकी, उंबरा. खालानं मशीन थांबवली. "ऊपर के आये, नीचे के आये, दांत तो दांत. मेरे बड़े के ऊपर के पैले आये थे. उसका मामू परभनी में केले का गाड़ा लगाता. इत्ता मोटा हो गया, गाड़े के पीछे समाता नै!" आणि मग, हसणं आवरून, "तेरी माँ इसके वास्ते नै जाती मैके कू? छे बरस? तौबा."

किराणा दुकानातल्या काकूंच्या गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग असे. त्या मला गूळ तोलता तोलता म्हणाल्या, "आमच्यात दात शेणाच्या गोळ्यात घालायचा, माळवदावर फेकायचा अन् मागं बघायचं न्हाई." मामाचं विचारलं तर म्हणाल्या, "म्हनतात बाई आमच्यात बी. पन मामानं चांदीची वाटी दिली, तिच्यात खीर खाऊ घातली की मिटलं. माझ्या भाच्याचं केलं की आम्ही. सकाळी आले, दुपारी जेवून गेले."

सकाळी आले, दुपारी जेवून गेले. तोच दोष, तेच दोन दात, आणि त्यांच्याकडं तो एका जेवणात मिटतो. मी गुळाची पुडी हातात घेऊन कितीतरी वेळ तिथंच उभी राहिले. "आनखी काय पायजे?" काकूंनी विचारलं. मी नाही म्हटलं.

वर्गात माझ्याजवळ तांड्यावरची एक पोर बसायची. तिच्या घरी दात गोठ्यात पुरायचे. मामाचं तिनं ऐकलंच नव्हतं. तिनं उलट मलाच विचारलं, "तुज्या मामाला कसं कळलं, तुला वरचे आलेत म्हनून?" आणि ती खो खो हसली. मला तेव्हा राग आला होता.

शेवटी मी बाईंना विचारलं. आमच्या शाळेत दोनच शिक्षक; पहिली-दुसरी बाईंकडं असे. मधल्या सुटीत त्या डबा खात होत्या. मी त्यांना चारही घरांचं सांगितलं, खालाचं, काकूंचं, तांड्याचं, आमचं. बाईंनी घास खाली ठेवला आणि सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "एका गावात चार रीती. मग तुझ्या दाताला कसं कळलं गं, आपण नेमके कुणाच्या तोंडात उगवलो?"

मी म्हटलं, "म्हणजे खोटं आहे का, बाई?"

"तूच चार घरी जाऊन आलीस. तूच सांग."

माझ्या आयुष्यात मला कुणी पहिल्यांदा असं विचारलं होतं. पुढं मी परभणीच्या कॉलेजात गेले, शिकवण्याची पदविका केली, दातांच्या डॉक्टरांकडून ऐकलं की दात कोणते आधी येतील हे लेकरागणिक बदलतं, त्यात काही विशेष नाही. पण मला ते खरं कळलं बाईंच्या डब्यासमोर. आज माझ्यासमोर पोरं दात कागदात गुंडाळून आणतात तेव्हा त्यांना मी एक तरी प्रश्न असा विचारते, ज्याचं उत्तर त्यांच्याकडंच असतं. ते मी त्या बाईंकडून घेतलेलं आहे.

तरी मी सात वर्षांची होते. नियम खोटा आहे एवढं मला समजलं. पण दार ज्यांच्या हातात, त्यांना तो खरा वाटत होता. मायला पंचमीला जायचं तर दात पडायला हवे होते. मी ठरवलं, पाडायचे.

पंचमीच्या दोन दिवस आधीची दुपार. माय निंदायला गेली होती. खालाकडून मी मशीनचा दोरा मागून आणला, हार करायचाय म्हणून. डाव्या दाताला बांधला, दुसरं टोक म्हशीच्या दावणीच्या कडीला, आणि डोळे मिटून मागं उडी मारली. दात आला. रक्त आलं, पण फार नाही. दात मी बादलीतल्या पाण्यात धुतला आणि फ्रॉकच्या खिशात ठेवला.

उजव्याला दोरा बांधून तीनदा उडी मारली. दोराच तुटला. मग मी घरातून खलाचा बत्ता आणला.

तो लोखंडी होता. मी आरशाच्या तुकड्यात बघून, ओठ वर करून, दातावर मारला. पहिला घाव भीतभीत बसला. दुसरा नीट मारायला गेले आणि ओठावर बसला. तिसऱ्याला मला उभंच राहता येईना. माय आली तेव्हा मी दावणीत बसले होते, बत्ता मांडीवर, फ्रॉक पुढून लाल, ओठ वांग्याएवढा. आणि दात तोंडातच.

मायला वाटलं, म्हशीनं मारलं. तिनं मला उचललं, मिठाच्या पाण्यानं तोंड धुतलं, हळद लावली. मग तिचं लक्ष बत्त्याकडं गेलं.

"ह्यो इथं कामून आला?"

मी फ्रॉकच्या खिशावर हात ठेवला.

"कुनी मारलं तुला? खरं सांग."

"मीच मारलं. एक निघाला, माय. एकच ऱ्हायलाय." मी खिशातला दात काढून दाखवला. "पंचमीपोत्तर दुसरा बी काढते. मग तुला जाता येईल."

मायनं दात हातात घेतला नाही. ती उठली, बत्ता धुतला, फडक्यानं पुसला आणि जागेवर ठेवून दिला. संध्याकाळी दादा आले तेव्हा भाकरी थापता थापता म्हणाली, "उद्या सेलूला चालले. हिला घेऊन."

दादा माझ्या तोंडाकडं बघून आधीच हबकले होते. "मूळ कुटं आलंय? तसंच जायचं?"

"पाय हायेत मला."

"थोरल्या काकी दारात घेत्याल का?"

"ते त्यांनी बगावं. मी दारापोत्तर जानार."

दादा म्हणाले, "दुसरा दात बी हलायला लागला असंल की. आठ-पंधरा दिवसांनी गेलीस तर..."

"न्हाई," माय म्हणाली. "दात हाय तवरच जायचं. पडल्यावर गेले तर म्हनतील, बगा, पडला म्हनून आली. मंजी त्यांचं खरं अन् माजी पोरगी खोटी. दात घेऊनच जायचं."

हे वाक्य मी तीस वर्षं जवळ ठेवलंय. शाळेची पायरी न चढलेल्या बाईनं ते तवा तापत असताना केलं. मला नंतर पुष्कळ व्याख्यानं ऐकायला मिळाली. त्यात याच्या तोडीचं मी फार थोडं ऐकलं.

सकाळच्या एसटीनं परभणी, तिथून सेलू, तिथून चिखलातून पायी. मायनं चपला हातात घेतल्या होत्या. वाटेत तिनं एकदाच विचारलं, "दुखायलंय का?" मी नाही म्हटलं. दुखत होतं.

आजोळचं घर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. साधं दगडमातीचं, दाराला हिरवा रंग, ओट्यावर पंचमीसाठी सारवलेलं. थोरली काकी सूप घेऊन बसली होती. तिनं आधी मायला ओळखलं, चेहरा फुलला, उठायला लागली. मग मी दिसले.

"थांब. तितंच थांब," ती म्हणाली. "पडले का?"

मी पुढं झाले आणि मूठ उघडली. "ह्यो बगा, एक पडला."

"अन् दुसरा?"

मी ओठ वर केला. काकीनं माझं सुजलेलं तोंड बघितलं. ती म्हणाली, "अजून हाय की. गं बाई, थोडं थांबली असतीस. आलीस ते आलीस, आता असं कर. मी परातीत तेल घेते. पोरीचं तोंड मामानं आदी तेलात पडलेलं बगावं, सरळ न्हाई. मग घरात घेऊ. त्यानं बी भागतं."

"तेल आनू नका, काकी," माय म्हणाली.

"अगं, रीत हाय. दोन मिंटांचं काम."

"सहा वर्सं तुमी मला भागतं म्हनून सांगितलं न्हाई. आज तेलानं भागायलंय?"

काकीला हे लागलं. "कुनासाठी केलं मी? त्याच्यासाठीच नव्हं? एक पाय गेला. दुसरा घालवायचा होता का?"

शेजारची दोन घरं ओट्यावर आली. मायनं माझा हात धरला होता आणि तो घामानं ओला झाला होता. माझ्या की तिच्या, सांगता येत नाही. ती म्हणाली, "आमी घरात येतो, न्हाईतर आल्या पावली जातो. पन माज्या लेकीचं तोंड कुनी तेलात बगायचं न्हाई. ज्याला बगायचं त्यानं सरळ बगावं."

तेवढ्यात मामा आला. शेतातून, हातात वेसण. मला बघून त्यानं सवयीनं मान वळवली. परभणीच्या बाजारात वळवायचा तशीच. माय काही बोलली नाही. तीच गोष्ट त्याला जड गेली असावी. तो तसाच, मान वळवलेला, उभा राहिला. मग लंगडत आला आणि रस्त्यातच माझ्यासमोर बसला. आखूड पाय त्याला दुमडता येईना, म्हणून एका बाजूला लांब करून.

"आ कर," तो म्हणाला.

मी तोंड उघडलं. त्यानं नीट बघितलं. दात, हिरडी, फाटलेला ओठ. "हे कुनी केलं?"

"मी. बत्त्यानं."

मामा मागं न बघता, मोठ्यानं म्हणाला, "काकी, बैल बुजला नव्हता."

"काय?"

"बैल बुजला नव्हता. जिनिंगच्या वाटंवर गाड्यांची रांग चालली होती. पोरं म्हनाली, चालत्या गाडीवर कापसाच्या ढिगावर हात सोडून उभा ऱ्हा बगू. मी ऱ्हायलो. नाचलो बी जरा. पडलो. तुला काय सांगू, म्हनून बैलावर घातलं. अन् तू पोरीवर घातलं."

समोरच्या ओट्यावरची बाई "आता गं बया" म्हणाली, तेवढंच.

काकी सूप घेऊन ओट्याच्या कडेला आली. "मग तवाच कामून बोलला न्हाइस?"

"तू मारलं असतंस."

"मारलंच असतं! मोडक्या पायावर मारलं असतं!" ती ओरडली, आणि सूप तिथंच टाकून आत गेली. दार लावलं नाही. उघडंच ठेवलं. या असं ती म्हणाली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. माय माझा हात धरून उंबरा चढली. चढताना माझ्या दंडाला तिनं इतकं घट्ट धरलं होतं की बोटं उठली.

मामाला मी क्षमा केली का, असं मला माझ्या नवऱ्यानं एकदा विचारलं. मामानं पुढं माझ्या कॉलेजची फी भरली, मला सायकल घेऊन दिली, माझ्या पदवीच्या निकालाचे पेढे गावभर लंगडत वाटले. त्याचे उपकार मी विसरणार नाही. पण एका वाक्यानं मिटणारी गोष्ट त्यानं सहा वर्षं मिटवली नाही, कारण त्याला मार चुकवायचा होता आणि बाळाला बोलता येत नव्हतं. दोन्ही खरं आहे. एकानं दुसरं पुसत नाही. आणि काकीचं म्हणाल, तर तिची माया खरी होती, भीतीही खरी होती. पण मायेपोटी केलं म्हणून माझा ओठ कमी फाटला नाही. त्याचा वण अजून आहे. लग्नाच्या फोटोग्राफरनं तो पुसून देऊ का विचारलं होतं. मी नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पंचमी. आजोळच्या गावात चिंचेला झोका बांधला होता. मायला मैत्रिणींनी ओढत नेलं. आधी ती नको नको म्हणाली, मग पदर खोचला आणि चढली. पाट चांगला रुंद होता, उभं राहून झोका घ्यायचा. मामा दोर ओढून द्यायला उभा राहिला. चांगल्या पायावर भार देऊन तो दोर ओढायचा आणि माय वर, वर जायची. तिचे केस सुटले. माझी माय इतकी तरुण आहे हे मला माहीत नव्हतं. मी लोकांत, ओठ मिटायचं विसरून, बघत होते.

थोरली काकी झाडाखाली उशिरा आली. कुणाशी बोलली नाही. पण झोका फांदीच्या वर जायला लागला तेव्हा तिला राहवेना. "अगं, पुरे! पडशील! इतक्या वर्सांनी आलीस अन्..."

"दे रे अजून," माय मामाला म्हणाली. आणि वरून, अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी, काकीला म्हणाली, "पडले तर म्हना, हात सुटला म्हनून पडली! लेकीच्या दातावर घालू नका!"

मामानं दोर आणखी जोरात ओढला.